नदीची लांबी नंतर, आधी खोली

पेटचे निकाल लागले की दरवर्षी दोन-तीन जण सिनॉप्सिस वाचायला पाठवतात. विषय नदीतून मालवाहतुकीचा असला, तर पहिला परिच्छेद जवळजवळ ठरलेला असतो. भारतात साडेचौदा हजार किलोमीटरचे नाव्य जलमार्ग आहेत. २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्गांची संख्या ५ वरून १११ झाली. पाण्यातून माल नेणं रस्त्यापेक्षा आणि रेल्वेपेक्षा स्वस्त. तरीही त्याचा वाटा नगण्य. पुढे प्रश्न येतो, 'असे का?' आणि लगेच उत्तरही येतं: राजकीय इच्छाशक्तीचा अभाव.

यातले आकडे सरकारी कागदांतून घेतलेले आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण या परिच्छेदातून संशोधनाचा प्रश्न निघत नाही, आणि त्याचं कारण पहिल्याच ओळीत आहे. किलोमीटर हे रस्त्याचं माप आहे. शंभर किलोमीटरच्या रस्त्यात एक किलोमीटर खराब असेल, तर ट्रक तिथे हळू जातो आणि पुढे पुन्हा वेग घेतो. नदीत तसं होत नाही. शंभरातला एक किलोमीटर उथळ असेल, तर बोट निघतानाच कमी भरावी लागते. त्या एका किलोमीटरपायी उरलेल्या नव्याण्णव किलोमीटरमध्येही ती अर्धी रिकामीच धावते.

आजचा सगळा लेख एवढ्याच गोष्टीवर आहे. माझं स्वतःचं काम नदीतल्या गाळावर आहे, त्यामुळे माझी नजर आधी तळाकडे जाते हे मान्य. अर्थशास्त्रवाल्यांनी वाद जरूर घालावा.

दहा सेंटिमीटरची किंमत

बारावीतला आर्किमिडीज आठवा. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. ऱ्हाइन नदीवर चालणारं एक नेहमीच्या आकाराचं मालवाहू जहाज घ्या: लांबी ११० मीटर, रुंदी ११.४ मीटर. गुणाकार केला की क्षेत्रफळ साधारण १,२५० चौरस मीटर. हे जहाज आणखी दहा सेंटिमीटर बुडलं तर सुमारे १२५ घनमीटर, म्हणजे १२५ टन पाणी सरकेल. जहाजाची टोकं निमुळती असतात म्हणून थोडं कमी करा, तरी ११० टनांच्या घरात आकडा राहतो.

आता हेच उलट्या बाजूने वाचा. नदीची पातळी दहा सेंटिमीटर घसरली, म्हणजे घोट्याएवढीही नाही, की प्रत्येक जहाजाला प्रत्येक फेरीत ११० टन माल धक्क्यावर ठेवून निघावं लागतं. चार-पाच मोठे ट्रक भरतील इतका. इंधन फारसं वाचत नाही, खलाशांचा पगार तोच, दिवस तितकेच. खर्च तसाच राहतो आणि तो भागायला टन कमी उरतात. जलवाहतुकीचा प्रतिटन खर्च हा स्थिर आकडा नसतो. तो खोलीवर अवलंबून असतो आणि खोली रोज बदलते.

जहाजाचा जो भाग पाण्याखाली राहतो त्याला ड्राफ्ट म्हणतात. ड्राफ्ट आणि नदीचा तळ यांच्यात थोडी मोकळी जागा ठेवावी लागते, नाहीतर तळ घासतो. म्हणून उपलब्ध खोली उणे ही मोकळी जागा, बरोबर जास्तीत जास्त ड्राफ्ट. आणि 'उपलब्ध खोली' म्हणजे सरासरी खोली नव्हे. ९९ टक्के मार्गावर ३ मीटर आणि १ टक्का मार्गावर दीड मीटर खोली असेल, तर सरासरी २.९८५ येते. वाचायला छान आकडा आहे. जहाज मात्र दीड मीटरच्या हिशोबानेच भरावं लागेल. त्यामुळे या क्षेत्रात किमान उपलब्ध खोली वापरतात, आणि तिच्यासोबत ती वर्षातले किती दिवस मिळते हेही सांगावं लागतं. दिवस न सांगता नुसती खोली लिहिलेला तक्ता दिसला की पेन्सिलने बाजूला प्रश्नचिन्ह काढा.

काउबचं २५ सेंटिमीटर

ऱ्हाइनचं उदाहरण मुद्दाम घेतलं. जर्मनीतल्या अंतर्देशीय जलवाहतुकीचा सुमारे ८० टक्के माल या एका नदीवरून जातो. रॉटरडॅमच्या समुद्री बंदरातून खनिज, कोळसा, तेल वर जातं; वाटेत डुइसबुर्गचं प्रचंड नदीबंदर आहे, आणि बरंच वर लुडविग्सहाफेनला बीएएसएफचा रसायन कारखाना. मध्ये, माइन्झ आणि कोब्लेन्झ यांच्या दरम्यान, काउब नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे नदी खडकाळ डोंगरांतून जाते आणि पात्र उथळ आहे. वरच्या भागात जाणारं जहाज किती भरायचं हे या गावापाशी ठरतं.

ऑक्टोबर २०१८ मध्ये काउबच्या पातळीमापकावर २५ सेंटिमीटरची नोंद झाली. जगभरच्या बातम्यांत 'ऱ्हाइनमध्ये फक्त २५ सेंटिमीटर पाणी' असं छापून आलं. वाचणाऱ्याला वाटावं, माणूस चप्पल हातात घेऊन नदी ओलांडेल. पण पातळीमापकाचा शून्य आणि नदीचा तळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मापकाचा शून्य ही काठावर ठरवलेली एक संदर्भपातळी असते. काउबला मापक ७८ दाखवतो तेव्हा जहाजांच्या वाटेत १.९० मीटर खोली मिळेल, असं त्या वेळी ठरलेलं होतं. म्हणजे मापकाच्या आकड्यात साधारण ११२ मिळवायचे. २५ अधिक ११२, सुमारे १.३७ मीटर.

१.३७ मीटर हा २५ सेंटिमीटरपेक्षा खूप बरा आकडा आहे. पण रिकाम्या जहाजालाच मीटरच्या आसपास पाणी लागतं. राहिलेल्या चार बोटांत माल किती बसणार? त्या शरद ऋतूत नदी बंद झाली नव्हती. जहाजं चालत होती, पण जवळजवळ रिकामी. एका जहाजाचा माल न्यायला तीन-चार जहाजं लागू लागली, भाडी भडकली. बीएएसएफने त्या वर्षीच्या कमी पाण्याचा फटका सुमारे २५ कोटी युरो सांगितला. इंधनाच्या तुटवड्यामुळे सरकारला राखीव साठ्यातून इंधन सोडावं लागलं.

संशोधनाच्या दृष्टीने मला यातला ७८ हा आकडा जास्त आवडतो. तो कुणाच्या मनातून आलेला नाही. पाण्याची पातळी वर्षात सरासरी फक्त २० दिवस जिच्या खाली जाते, ती ही पातळी. त्यात खोली आणि दिवस दोन्ही आले. पुढे कील इथल्या अर्थशास्त्र संस्थेतल्या अभ्यासकांनी हाच उंबरठा घेऊन हिशोब मांडला: काउबला ३० दिवस पातळी ७८ च्या खाली राहिली, तर जर्मनीचं औद्योगिक उत्पादन सुमारे १ टक्क्याने घटतं. एका गावातल्या मापकाचा आकडा आणि एका देशाचं उत्पादन. या अभ्यासाची खुबी अशी की पाऊस आणि बर्फ कारखान्यांची मागणी बघून पडत नाहीत, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हा घोळ होत नाही. असा धागा सापडला की सिनॉप्सिस अर्धा झाला समजा.

बीएएसएफनेही धडा घेतला. २०२३ मध्ये त्यांच्यासाठी एक नवं टँकर जहाज आलं, १३५ मीटर लांब आणि १७.५ मीटर रुंद. रुंदीच का वाढवली, हे वरच्या गुणाकारावरून तुम्हीच सांगू शकाल.

गंगेचा तळ जागेवर राहत नाही

आता आपल्याकडे या. राष्ट्रीय जलमार्ग १, हल्दिया ते प्रयागराज, १,६२० किलोमीटर, १९८६ साली जाहीर झालेला. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने यातल्या हल्दिया–वाराणसी टप्प्यासाठी ५,३६९ कोटी रुपयांचा जलमार्ग विकास प्रकल्प मंजूर केला. त्याला जागतिक बँकेचं कर्ज आहे. उद्दिष्ट १,५०० ते २,००० टनांची जहाजं चालवण्याचं. त्यासाठी हल्दिया ते बाढ ३ मीटर, बाढ ते गाझीपूर अडीच मीटर आणि गाझीपूर ते वाराणसी २.२ मीटर खोली हवी. तिन्ही आकडे नीट बघा. वर जावं तशी खोली कमी होते, म्हणजे वाराणसीला जाणारं जहाज हल्दियालाच २.२ मीटरच्या हिशोबाने भरावं लागणार.

काउबला तळ खडकाचा आहे. पाणी वरखाली होतं, तळ तिथेच असतो. एकदा नकाशा काढला की वर्षानुवर्षं चालतो. गंगेत दोन्ही हलतात. पावसाळ्यात नदी अफाट वाळू आणि गाळ घेऊन येते, आणि पूर ओसरताना तो कुठेही टाकते. गेल्या वर्षी जिथे जहाजांची वाट होती तिथे या वर्षी बेट असतं, त्याला तिकडे दियारा किंवा चर म्हणतात. त्यावर लोक कलिंगडं लावतात. मुख्य धार अर्धा किलोमीटर सरकलेली असते.

यावर दोन उपाय चालतात. एक, यंत्राने गाळ उपसणं. दुसरा जुना आणि मला फार हुशार वाटणारा: बंडाल. बांबू रोवून त्यांना चटया बांधायच्या आणि ही जाळी प्रवाहाशी तिरकी उभी करायची. वरचं वेगवान पाणी चटईला अडून मधल्या वाटेकडे वळतं आणि तिथला तळ खरवडतं. चटईमागे पाणी मंदावतं आणि वाळू बसते. नदीचं काम नदीकडूनच करून घ्यायचं. पुढच्या पुरात हे सगळं वाहून जातं आणि पाणी उतरलं की पुन्हा बांधावं लागतं.

उपसलेल्या वाटेचंही तेच. म्हणून गंगेवर खोली ही एकदा बांधून संपणारी वस्तू नाही. धक्का एकदा बांधता येतो. वाराणसीच्या टर्मिनलचं उद्घाटन १२ नोव्हेंबर २०१८ ला झालं, साहिबगंजचं सप्टेंबर २०१९ मध्ये. फोटो चांगले येतात. खोलीचा खर्च मात्र दरवर्षीचा, आणि त्याचा फोटो निघत नाही. प्रकल्प अहवालात भांडवली खर्च आणि देखभालीचा खर्च वेगवेगळ्या पानांवर असतात. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचायची सवय लावा.

पाणी कमी होण्याची बाजूही आहे. वाफेच्या बोटी कोलकात्याहून अलाहाबादपर्यंत १८३० च्या दशकात जात होत्या. रेल्वेने त्यांचा धंदा नेला हे सगळ्यांना माहीत असतं. पण १८५४ मध्ये हरिद्वारला गंगेचा कालवा सुरू झाला आणि कोरड्या दिवसांतलं पाणी शेतीकडे वळू लागलं, हे जलवाहतुकीच्या सिनॉप्सिसमध्ये क्वचित येतं. आता त्या पाण्यावर गहू आणि ऊस उभा आहे. जहाजासाठी अर्धा मीटर पाणी मागताना ते कुणाच्या शेतातून येणार, हेही विचारावं लागेल.

आणि नदीत आधीपासून राहणारे आहेतच. बिहारमध्ये सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा पट्टा डॉल्फिन अभयारण्य आहे, आणि तो या जलमार्गाचाच भाग आहे. गंगेतला डॉल्फिन जवळजवळ आंधळा. आवाजाच्या प्रतिध्वनीवर तो वाट आणि मासा शोधतो. २०१९ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की जहाजांच्या आवाजाचा त्रास उन्हाळ्यात, पाणी उथळ असताना, जास्त होतो आणि डॉल्फिनच्या शरीरावर ताण वाढतो. म्हणजे इथेही पुन्हा खोलीच. ज्या महिन्यांत जहाजाला वाट अरुंद, त्याच महिन्यांत डॉल्फिनला आणि जाळं टाकणाऱ्या मच्छीमारालाही तीच खोल धार लागते. तिघे एकाच पाण्यात.

स्वस्त म्हणजे किती?

तुमच्या सिनॉप्सिसमधल्या 'स्वस्त' या शब्दाचा स्रोत बहुतेक २०१४ चा राइट्सचा अहवाल असतो. प्रति टन-किलोमीटर रस्त्याने २.५० रुपये, रेल्वेने १.३६, पाण्याने १.०६. आता कोलकाता–वाराणसी घ्या. रस्त्याने आणि रेल्वेने अंतर साधारण ६८० किलोमीटर. नदीने? गंगा सरळ जात नाही. फराक्क्याला वळसा, बिहारात वळणंच वळणं, मिळून सुमारे १,३०० किलोमीटर.

आकडेमोड पानाच्या कडेला होते. एक टन माल रस्त्याने नेला तर सुमारे १,७०० रुपये. पाण्याने १,३७८. रेल्वेने ९२५. म्हणजे दर सगळ्यात कमी असूनही या मार्गावर नदी रेल्वेपुढे हरते, कारण ती लांबून जाते. शिवाय कारखान्यातून धक्क्यापर्यंत आणि धक्क्यावरून गोदामापर्यंत ट्रक लागणारच, दोन वेळा चढ-उतार, आणि परतीला माल मिळेल याची खात्री नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये वाराणसीला पोचलेल्या पहिल्या जहाजात १६ कंटेनर होते, म्हणजे १६ ट्रकांचा माल. सुरुवात म्हणून ठीक. पण सुरुवातीवरून दर काढू नका.

याचा अर्थ जलवाहतूक फोल आहे असा घेऊ नका. कारखाना काठावर असेल, माल जड आणि घाई नसलेला असेल, किंवा जहाजाला दुसरा स्वस्त पर्यायच नसेल, तर हिशोब पालटतो. औष्णिक वीज केंद्रांची राख कोलकात्याहून बांगलादेशला नदीनेच जाते, ते उगाच नव्हे.

टन मोजायचे की टन-किलोमीटर?

राष्ट्रीय जलमार्गांवरची वाहतूक २०१३-१४ मध्ये सुमारे १८ दशलक्ष टन होती, २०२३-२४ मध्ये १३३ दशलक्ष टन. सातपट. हा आकडा तुम्ही वापरणार, तर आधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, दोन्ही वर्षी मोजलेले जलमार्ग तेच आहेत का? २०१६ आधी यादीत पाच होते. कोकणात आणि गोव्यात बार्ज त्याआधी कित्येक दशकं चालत होत्या. राष्ट्रीय जलमार्ग म्हणून त्या नद्या यादीत नंतर आल्या.

दुसरी, हे टन किती लांब गेले? या टनांचा मोठा वाटा गंगेचा नाही. २०१९-२० मध्ये एकूण साडेत्र्याहत्तर दशलक्ष टनांच्या आसपास माल गेला, त्यात गंगेचा वाटा ९ दशलक्षांच्या घरात. मोठा भाग महाराष्ट्र, गुजरात, गोव्याच्या भरतीच्या पाण्यातला. पेणजवळ डोलवीला पोलाद कारखाना आहे. त्याचं खनिज आणि कोळसा धरमतरच्या खाडीतून येतो. ती अंबा नदी, राष्ट्रीय जलमार्ग १०, लांबी ४५ किलोमीटर. हजार टन तिथून ४० किलोमीटर गेले तर ४० हजार टन-किलोमीटर. तेच हजार टन कोलकात्याहून वाराणसीला गेले तर १३ लाख. टनांच्या रकान्यात दोन्ही सारखेच दिसतात.

खाडीत खोली कुठून येते? गाळ उपशातून काही, पण मुख्य म्हणजे चंद्राकडून. भरती दिवसातून दोनदा फुकट पाणी आणून देते. बार्ज भरतीची वेळ गाठून आत शिरते. पण उधाणाची भरती आणि भांगाची भरती सारखी नसते, त्यामुळे इथे दिवसांऐवजी तासांचा हिशोब लागतो. कोकणातल्या कुणाही तांडेलाला हे तोंडपाठ असतं. त्याच्याशी बोललात तर तुमच्या प्रश्नावलीतले निम्मे प्रश्न बदलतील.

गोव्याचं उदाहरण मात्र माझ्याच मुद्द्याला मर्यादा घालतं, म्हणून ते टाळणार नाही. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांतून लोहखनिज बार्जने मुरगावला जायचं. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूच्या दांड्यामुळे वाट बंद होते. तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत आणि तिथून बंदरात जात. उथळ जागा होती, तिला वळसा घालणारी वाटही होती. सगळं जुळलेलं. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. काही वर्षांनी ते सुरू झालं आणि न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडलं. नदीत पाणी तेवढंच होतं. बार्ज नांगरून पडल्या, गंजल्या, मालकांवर बँकांची कर्जं राहिली. एकाच मालावर उभी असलेली वाहतूक खोलीने वाचत नाही. आणि २०१३-१४ हे वर्ष तुलनेचा पाया म्हणून घेताना हेही लक्षात असू द्या की त्या वर्षी गोव्यातल्या खाणी बंद होत्या.

कुठून सुरुवात करायची

अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाने २०१८ मध्ये 'लॅडिस' नावाची व्यवस्था सुरू केली. तिच्यात जलमार्गांच्या टप्प्याटप्प्याची किमान उपलब्ध खोली देतात. काउबची पातळी जर्मनीच्या 'पेगेलऑनलाइन'वर कुणालाही बघता येते. दोन्हीकडून जमेल तेवढ्या नोंदी उतरवून घ्या. एक्सेल पुरेल, पायथन आलंच पाहिजे असं नाही.

गंगेचा एकच टप्पा निवडा, समजा पाटणा ते बक्सर. प्रत्येक नोंदीत सगळ्यात उथळ जागा कोणत्या किलोमीटरला आहे ते लिहा. खोली किती, हे दुसऱ्या रकान्यात. दोन कोरडे हंगाम पुरे झाले की पहिला रकाना वाचा. उथळ जागा दोन्ही वर्षी त्याच ठिकाणी असेल, तर तळात काहीतरी कायमचं आहे, खडक, पुलाचे खांब किंवा कठीण माती, आणि तुमचा विषय अभियांत्रिकीकडे जातो. जागा सरकत असेल, तर गाळ कुठून आला आणि पूर कसा ओसरला याच्या मागे लागावं लागेल. दोन्ही प्रकार मिसळलेले असतील, आणि माझा अंदाज तोच आहे, तर तो तक्ता मला पाठवा. तुमचा सिनॉप्सिस त्याच्याशेजारी ठेवून मगच वाचेन.